जळगाव नव्हे, जळगाव जामोद

२००६ च्या दिवाळीत दादाने पुण्याहून आईच्या मोबाइलवर एक फोटो पाठवला. त्याच्या दहा दिवसांच्या मुलीचा. आई खामगावला. फोन वाजला, आम्ही सगळे भोवती जमलो, आणि पडद्यावर आल्या इंग्रजी तीन ओळी : तुमच्यासाठी मल्टिमीडिया संदेश आहे, तो अमक्या संकेतस्थळावर पाहा, पासवर्ड हा. आईने फोन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, ‘‘यात पोरगी कुठी हाय? हे त चिठ्ठी हाय.’’

फोटो हरवला नव्हता, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तो आईच्या कंपनीच्या केंद्रापर्यंत सुखरूप आला होता. आईच्या फोनमध्ये सेटिंग भरलेली नव्हती, म्हणून केंद्राने फोटोऐवजी निरोप धाडला. मुदत संपल्यावर तो फोटो पुसला गेला. पोस्टात पडून राहिलेल्या पार्सलासारखी ही गोष्ट मनात राहिली, आणि दोन कंपन्यांच्या मधला तो रस्ता कसा असतो हे शोधायचा नादच लागला.

एमएमएसचा इतिहास लांबवण्यासारखा नाही. नॉर्वेच्या टेलिनॉर कंपनीने मार्च २००२ मध्ये तो पहिल्यांदा बाजारात आणला. आपल्याकडे २००४ च्या अखेरीस दिल्लीतल्या एका प्रकरणाने तो शब्द इतका बदनाम केला की घरात चारचौघांत उच्चारायची सोय राहिली नाही. त्या बदनामीमागे एक देखणी टपालव्यवस्था होती, ती मात्र कोणी पाहिली नाही.

एकाच कंपनीच्या दोन ग्राहकांमध्ये फोटो जाणं सोपं. पाठवणाऱ्याचा फोन फोटो आपल्या केंद्राकडे देतो, केंद्र घेणाऱ्याला एसएमएसने वर्दी देतं, आणि वर्दी मिळाली की घेणाऱ्याचा फोन स्वतः जाऊन फोटो उचलून आणतो. कसोटी लागते ती फोटो दुसऱ्या कंपनीकडे जायचा असतो तेव्हा. जगभरच्या मोबाइल कंपन्यांनी मान्य केलेल्या ‘टीएस २३.१४०’ या दस्तऐवजात या सांध्याला ‘एमएम४’ असं नाव आहे. तिथे नवं काही शोधलेलंच नाही. १९८२ साली ई-मेलसाठी लिहिलेली एसएमटीपी ही रीतच उचलली आहे. म्हणजे दादाच्या कंपनीने आईच्या कंपनीला पाठवली ती चक्क ई-मेल होती, आणि तिच्या पाकिटावरचा पत्ता साधारण असा असतो :

+९१९४२२…/टाइप=पीएलएमएन@एमएमएस.एमएनसी०६६.एमसीसी४०४.जीपीआरएस

ही ओळ मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. ‘@’च्या डावीकडे माणूस : त्याचा नंबर, आणि तो मोबाइल जाळ्यातला नंबर आहे असा शेरा. उजवीकडे घर : ४०४ म्हणजे भारत, ६६ म्हणजे बीएसएनएलचं महाराष्ट्र मंडळ. शेवटचं ‘जीपीआरएस’ हे नाव सार्वजनिक इंटरनेटवर नाहीच. कंपन्यांनी आपसात टाकलेल्या खासगी जाळ्यातच ते ओळखलं जातं.

पाठवणारा देतो तो फक्त डावीकडचा भाग. उजवीकडचा कोणी आणि कशावरून लिहायचा, हाच खरा प्रश्न, आणि तो मोबाइलच्या आधीपासूनचा आहे. आमच्या बुलडाणा जिल्ह्याला तो चांगला ठाऊक आहे.

पाकिटावर नुसतं ‘जळगाव’ लिहिलं तर पत्र खानदेशात जाणार. आमचं जळगाव सातपुड्याच्या पायथ्याचं. शेजारच्या जामोद गावाचं नाव जोडल्यावरच ते वेगळं ओळखू येतं. सिंदखेड म्हणाल, तर जिजाऊंचं सिंदखेड राजा की धुळ्याकडचं सिंदखेडा? चिखली आमची, चिखली पिंपरीजवळची, चिखली गुजरातेतली. देशभर अशी जुळी गावं, त्यात पत्ते लिहिणाऱ्यांच्या नाना लिप्या. यावर तोड काढणारे अधिकारी मराठी होते, आणि त्यांचं नाव मराठी माणसांनाच ठाऊक नाही, हे मला सलतं.

श्रीराम भिकाजी वेलणकर. जन्म १९१५ चा. दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव आणि डाक-तार मंडळाचे वरिष्ठ सदस्य. दिवसा टपालखातं, एरवी संस्कृत. या भाषेत त्यांनी शंभराच्या वर पुस्तकं लिहिली, मुंबईत ‘देववाणी मंदिरम्’ ही संस्था काढली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी, त्यांची सहा आकडी पिन कोड योजना सुरू झाली. १९७३ च्या अखेरीस ते निवृत्त झाले. त्याच वर्षी दिल्लीत भरलेल्या ‘इंडिपेक्स’ या जागतिक तिकीट प्रदर्शनाचे ते अध्यक्ष होते. संस्कृतसाठी राष्ट्रपतींचा सन्मान त्यांना १९९६ मध्ये मिळाला. १९९९ मध्ये ते गेले.

वृत्तात अक्षरं बसवणाऱ्या माणसाने देश सहा आकड्यांत बसवला, यात मला नवल वाटत नाही. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा छाननी जिल्ह्याचा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. आपण पत्ता लिहितो तो नावापासून : माणूस, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा. छाननी करणारा तो खालून वर वाचतो. पिन कोडने ही उलट्या वाचनाची खटपटच संपवली, कारण तो मुळात मोठ्याकडून लहानाकडे जातो.

आता आमच्या जिल्ह्याचे पिन मांडून पाहा. बुलडाणा ४४३००१, मलकापूर ४४३१०१, चिखली ४४३२०१, मेहकर ४४३३०१. मग शेगाव? ४४४२०३. खामगाव? ४४४३०३. एकच जिल्हा आणि छाननी दोन ठिकाणची, कारण ४४४ हे अकोल्याचे आकडे. १९०५ पर्यंत खामगाव आणि जळगाव हे तालुके खरोखरच अकोला जिल्ह्यात होते. पण नुसतं तेवढं कारण धरलं तर हिशेब जुळत नाही, कारण जळगाव जामोदला ४४३४०२ मिळाला. नांदुऱ्याचा ४४३४०४. नकाशावर बोट ठेवलं की उलगडतं : जळगाव जामोदची वाट खाली नांदुऱ्याला उतरते, आणि पिनही नांदुऱ्याशी सख्खा. खामगावला १८७० पासून कापसासाठी जलंबहून तेरा किलोमीटरचा लोहमार्ग आहे. जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या बुलडाण्याला मात्र आजही रेल्वे नाही. सरकारी गॅझेटने गाव कुठे टाकलं याच्याशी टपालाच्या थैलीला कर्तव्य नसतं. ती कोणत्या वाटेने पोचते, ते खरं.

टेलिफोनचं आणखी गमतीचं. सिंदखेड राजाहून जालना तासाभराच्या आत. पण सिंदखेड राजाचा एसटीडी कोड ०७२६९ आणि जालन्याचा ०२४८२. आमच्या जिल्ह्याचे कोड ‘०७’ने सुरू होतात, म्हणजे नागपूर, भोपाळ, रायपूर यांच्या पंगतीत. सिंदखेड राजा आणि जालन्यामधली हीच रेघ एके काळी वऱ्हाड आणि निजामाचं राज्य यांच्यामधली होती. १९५६ पर्यंत बुलडाणा मध्य प्रदेशात होता. राज्यं बदलली, पण ट्रंक कॉलच्या आकड्यांतली रेघ जुन्या सीमेशी अजून जुळते.

मोबाइलचंही सुरुवातीला असंच होतं. ९४२२ म्हणजे बीएसएनएल, ९८२२ म्हणजे आयडिया. खामगावच्या बाजारात नंबर ऐकून माणसं कंपनी सांगत. ‘@’च्या उजवीकडचा पत्ता लिहायला केंद्राला चार आकडे आणि एक तक्ता पुरे. २००६ च्या आमच्या फोटोची वाट अशाच तक्त्यावरून ठरली असणार.

तो तक्ता मोडला २० जानेवारी २०११ ला. हरियाणात दोन महिने आधी सुरू झालेली नंबर पोर्टेबिलिटी त्या दिवशी देशभर लागू झाली. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. ३ जुलै २०१५ पासून तर मंडळाची हद्दही उरली नाही. सुरतेत कामाला गेलेला मेहकरचा मुलगा गुजरातचाच नंबर घेऊन गावी परतू शकतो. आकड्यांकडे पाहून आता काही सांगता येत नाही.

अशा वेळी दोन मार्ग असतात. एक जुन्या पोस्टमनचा : पत्र आधी जुन्या पत्त्यावर न्यायचं, तिथे पत्ता खोडून नवा लिहायचा आणि पुढे धाडायचं. दुसरा, आधी विचारायचं आणि मगच धाडायचं. भारताने दुसरा पत्करला. कॉल जिथून निघतो त्या कंपनीने पोर्ट झालेल्या नंबरांच्या नोंदी तपासायच्या आणि नंबराला मार्ग-क्रमांक जोडूनच कॉल पुढे सोडायचा. फोटोचं केंद्र आणखी खोल विचारू शकतं. ते नंबर देऊन समोरच्या जाळ्याकडून त्या सिमचा पंधरा आकडी आयएमएसआय मागवतं. नंबर माणसाबरोबर फिरला तरी सिम कंपनीचंच असतं, म्हणून त्याचे पहिले पाच आकडे खोटं बोलत नाहीत. ४०४६६ आलं की उजवीकडचा पत्ता तयार. विचारण्याची तिसरी एक रीत ‘ईनम’ची. तीत नंबर उलटा लिहून, आकड्याआकड्यात टिंब देऊन, इंटरनेटच्या नावांच्या यादीत शोधतात. उलटा, कारण संकेतस्थळाचं नाव उजवीकडून डावीकडे उलगडतं. खालून वर पाकीट वाचणारा छाननीवाला मला इथे पुन्हा भेटला.

हे विचारणं क्षणाच्या आत होतं, पण त्याने फार मोठं काम केलं : नंबर कंपनीचा राहिला नाही, माणसाचा झाला.

आता फोटो व्हॉट्सॲपवर जातात. पाठवणारा आणि घेणारा एकाच कंपनीच्या दाराशी उभे, म्हणून कोणाच्या केंद्राला विचारायची गरजच नाही. सोय मोठी आहे, मीही रोज वापरते. पण त्या कंपनीचं दार सोडलेल्या माणसाला तिथून फोटो पाठवता येत नाही. पोस्टाने असं कधी केलं नाही, एमएमएसनेही नाही. युरोपने २०२४ पासून व्हॉट्सॲपला इतर सेवांशी सांधा ठेवायला कायद्याने भाग पाडलं आहे. आपल्याकडेही तो कायदा हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. एमएम४च्या रूपाने तो सांधा आपल्या हातात होता, आणि तो चालत होता.

एक विनंती. वाचकांपैकी कोणाचे वडील, काका, आजोबा मलकापूर, शेगाव, अकोला भागात रेल्वेच्या टपाल डब्यात छाननीला असतील, तर त्यांच्या वह्या, गावांच्या याद्या, खणांचे तक्ते रद्दीत देऊ नका. खामगाव कोणत्या खणात पडायचं आणि जळगाव जामोद कोणत्या, ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं असेल. या अंकाच्या संपादकांकडे पाठवा. पाहून, नक्कल करून, मूळ कागद परत पोचते करीन. पाकिटावर पिन घालायला विसरू नका.