आधी पातं, मग नक्षी

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरासाठी कागद, कापड, बांबू यांच्या जोडीला प्लायवुडही आलं. प्लायमध्ये जाळी कापायची, तर स्क्रोल सॉसारखं सोयीचं यंत्र नाही. बारीक उभं पातं जागच्या जागी वर-खाली धावतं आणि आपण फळी फिरवत रेघेवरून नेतो. जहाजाची, वाड्याची, रेल्वे डब्याची मॉडेल करणाऱ्यांनाही तेच हवं असतं. पण यंत्र घेताना दहा ठिकाणी चौकशी करणारा माणूस पातं मात्र दुकानदार देईल ते घेतो. काप स्वच्छ येणार की कडा फाटणार, हे मुख्यतः त्या पात्यावर ठरतं. म्हणून पातं घेण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या : लाकूड किती जाड, किती कठीण आणि नक्षीचं वळण किती लहान.

त्याआधी पात्याची टोकं पाहा. स्क्रोल सॉचं पातं सहसा ५ इंच लांब असतं. काहींच्या टोकांना आडवी पिन असते, काहींची टोकं सपाट असतात. पिनवालं पातं चटकन बसतं. पण जाळीच्या आतला भाग कापायला ते भोकातून ओवावं लागतं आणि पिन जाण्यासाठी साधारण ५ मिमीचं भोक पाडावं लागतं. मखरातल्या नाजूक पाकळीत एवढं भोक मावत नाही. सपाट टोकाचं २ नंबरचं पातं १ मिमीच्या भोकातून जातं. त्यामुळे जाळीकाम करायचं असेल, तर सपाट टोकाची पाती धरणारं यंत्रच घ्यावं.

आता नंबर. नंबर वाढतो तसं पातं रुंद आणि जाड होतं, दाते मोठे आणि विरळ होतात. शून्याच्या खाली २/० सारखे नंबर येतात; ती पाती अगदी बारीक. कंपनीनुसार थोडा फरक पडतो, तरी २ नंबरला इंचात २०च्या आसपास दाते असतात, ५ नंबरला १२-१३. नियम असा की कापताना निदान दोन-तीन दाते लाकडात असावेत. ३ मिमीच्या प्लायमध्ये ५ नंबरचा जेमतेम दीड दाता बसतो; मग तो कापण्याऐवजी प्लायला हिसके देतो. २ नंबरचे दोनाहून अधिक दाते बसतात आणि काप सरळ येतो. मखराच्या दोन्ही बाजू सारख्या हव्यात म्हणून दोन प्लाय डबल टेपने चिकटवून एकदम कापल्या, तर जाडी ६ मिमी होते आणि ३ किंवा ५ नंबरही चालतो. उलट १८ मिमी सागात बारीक पातं घातलं, तर दात्यांमधली जागा भुशाने भरते, पातं तापतं आणि कडा काळी पडते. तिथे ७ किंवा ९ नंबर हवा. मात्र रुंद पातं लहान वळणावर फिरत नाही. जाड लाकडात बारीक वळण आलं, तर नंबर एक-दोन पायऱ्या खाली आणायचा आणि सावकाश कापायचं.

दात्यांची रचनाही महत्त्वाची. ‘स्किप टूथ’मध्ये दात्यांमध्ये मोकळी जागा सोडलेली असते, त्यामुळे भुसा बाहेर पडतो. ‘रिव्हर्स टूथ’मध्ये तळाचे काही दाते उलटे, म्हणजे वर तोंड केलेले असतात; ते प्लायची खालची साल उचकटू देत नाहीत. पातं बसवल्यावर यंत्र हाताने फिरवून बघा. पातं सर्वांत वर असताना उलटे दोन-तीन दाते टेबलाच्या वर यायला हवेत, नाहीतर त्यांचा उपयोग नाही. ‘स्पायरल’ला चहूबाजूंनी दाते असतात, त्यामुळे फळी न फिरवता कोणत्याही दिशेने कापता येतं, पण काप रुंद आणि खरबरीत येतो. मॉडेलच्या नेमक्या जोडांना ते उपयोगाचं नाही.

लाकूडही पात्याची परीक्षा घेतं. आपल्या सागात सिलिका असते, ती धार लवकर घालवते. प्लायमधला गोंदही तेच करतो. ॲक्रिलिक तर तापून वितळतं आणि कापलेली फट मागे पुन्हा चिकटते. तिथे विरळ दात्यांचं पातं, कमी वेग आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. पितळेच्या पत्र्याला धातूचं पातंच हवं. पत्रा दोन पातळ प्लायमध्ये धरून सावकाश कापावा.

पातं नीट ताणलेलं हवं. बोटाने छेडल्यावर खणखणीत आवाज यावा. काही पाती रेघ सोडून एका बाजूला ओढतात. दाते पाडताना एका कडेला राहिलेल्या खरखरीमुळे तसं होतं. फळी किंचित तिरकी धरून ती ओढ सांभाळायची.

सुरुवातीला रिव्हर्स टूथची २, ५ आणि ७ नंबरची डझन-डझन पाती पुरेशी आहेत. मखराच्याच प्लायच्या तुकड्यावर तिन्ही चालवून पाहा, खालची बाजू उलटून तपासा आणि मग नंबर ठरवा. फळी पुढे ढकलायला जोर लागू लागला, की यंत्र बंद करून, प्लग काढून पातं बदला. जोर लावला की बोटं पात्याजवळ सरकतात आणि अनेक तासांची नक्षी एका हिसक्यात मोडते. त्या मानाने नवं पातं फार स्वस्त पडतं.