वेबसाइट रंगापासून सुरू होत नाही

अमरावती-अकोल्यात रोपवाटिका, डाळमिल, शिकवणी वर्ग असे कितीतरी व्यावसायिक आता वेबसाइट करून घेतात. पहिली सूचना बहुधा एकच असते, ‘डिझाइन झकास हवं.’ त्यामुळे नियोजन म्हणजे डिझाइन निवडणं, असा समज होतो. खरं तर वेबसाइट कोणासाठी, तिच्यावर कोणती माहिती, ती कोण देणार आणि पुढे कोण सांभाळणार, हे आधी ठरवणं म्हणजे नियोजन.

वरुड-मोर्शीकडचा संत्रा बागायतदार कलमं आणण्याआधी माती तपासतो, पाण्याची सोय बघतो, 6 बाय 6 मीटरवर आखणी करतो. लागवड झाली म्हणून बाग वाऱ्यावर सोडत नाही. वेबसाइटचंही तसंच.

चिखलदऱ्यातलं एखादं पर्यटक निवास घ्या. येणाऱ्याला हवे असतात खोलीचे दर, परतवाड्याहून घाटाचा रस्ता, चालू फोन नंबर. हे कागदावर उतरवलं, की वायरफ्रेम (पानाचा रंगाविना कच्चा आराखडा) सहज आखता येते. तिकडे मेळघाटात नेटवर्क अडखळतं, म्हणून फोटो हलके हवेत. मराठी मजकूर युनिकोडमध्ये (अक्षरांची सर्वत्र चालणारी प्रमाण संकेतपद्धती) हवा. छपाईच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर तो धड वाचताही येत नाही आणि शोधात सापडतही नाही.

काम रखडतं ते बहुतेक वेळा मजकूर वेळेवर न मिळाल्याने. आणि डोमेन (वेबसाइटचा नोंदवलेला पत्ता) मालकाने स्वतःच्याच नावावर घ्यावं, हा माझा आग्रह आहे. त्याचं नूतनीकरण चुकलं, तर चांगली चाललेली वेबसाइटही बंद पडते.