दार लोटून घ्या, दूर बसा

नातवंड अबोल झाले, शाळेचे नाव काढताच त्याचे पोट दुखू लागले आणि डॉक्टरांना शारीरिक कारण आढळले नाही, तर मानसतज्ज्ञांचा सल्ला आता घरबसल्या व्हिडिओ कॉलवर घेता येतो. चिकित्सा मानसतज्ज्ञांची वेळ घेण्यापूर्वी भारतीय पुनर्वसन परिषदेकडील त्यांची नोंदणी विचारून घ्यावी. आपल्या ध्यानात आलेले बदल तारीखवार लिहून ठेवावेत. पहिल्या भेटीत ते उपयोगी पडतात. मूल एकटे बोलत असेल, तेव्हा मात्र दार लोटून आपण दूर बसावे. नंतरही खोदून विचारू नये. आजी-आजोबा ऐकत आहेत, या धास्तीने मूल नेमके मनातलेच दडवते. तातडीच्या प्रसंगी १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते.