सरकारी वकिलांची सनद आणि नंतरचे शिक्षण

सत्र न्यायालयात राज्याची बाजू मांडणाऱ्या सरकारी अभियोक्त्याला किमान ७ वर्षांचा वकिलीचा अनुभव लागतो, तर अभियोग संचालकाला १५ वर्षांचा. किंवा संचालक आजी-माजी सत्र न्यायाधीश असावा लागतो. महाधिवक्त्यासाठी संविधानाचा अनुच्छेद १६५ आहे: उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याइतकी पात्रता हवी.

नेमणुकीनंतरचे काय? इंग्लंडमध्ये बॅरिस्टरांना दरवर्षी सातत्याने शिकत राहणे बंधनकारक आहे. आपल्याकडे सनद मिळाली आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण झाली, की पुढे वकिलाला कायद्याने सक्तीचे शिक्षण नाही. न्यायाधीशांना उत्तनच्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीत प्रशिक्षण मिळते. त्यांच्यासमोर रोज उभ्या राहणाऱ्या सरकारी वकिलाचे शिक्षण मात्र बरेचसे ज्येष्ठांच्या हाताखालीच होते.

१ जुलै २०२४ नंतर ही उणीव फार जाणवते. त्या दिवशी तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले, जुनी कलमे बदलली. मोबाइलमधला पुरावा दाखल करताना त्यांपैकी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते. ते सदोष राहिले, तर चांगला खटलाही डळमळतो, आणि भोगतो फिर्यादी.

पंजाब सरकार विरुद्ध ब्रिजेश्वरसिंग चहल या २०१६च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी वकिलांची निवड गुणवत्तेवर करण्याचा आग्रह धरला. तोच आग्रह आता प्रशिक्षणासाठीही हवा. विधी व न्याय विभागाने ते सक्तीचे करावे, आणि त्या दिवसांचे मानधनही द्यावे.