ठिसूळ हाडे आणि झोपेतील श्वासरोध

किरकोळ धक्क्यानेही हाड मोडावे, असा एक जन्मजात विकार आहे. वैद्यकशास्त्रात त्यास ‘ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा’ म्हणतात. हाडांना बळकटी देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनातील दोषामुळे तो बहुधा उद्भवतो. साधारणतः १५ ते २० हजार जन्मांमागे एका बालकात तो आढळतो.

अशा व्यक्तींच्या अस्थिभंगाकडे सर्वांचे लक्ष असते; श्वसनाकडे मात्र दुर्लक्ष होते. वस्तुतः श्वसनाचे विकार हे त्यांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. कणा वाकल्याने व बरगड्यांचा आकार बिघडल्याने फुफ्फुसांना पुरेसा वाव मिळत नाही. त्यातच झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग अडला, तर श्वास १० सेकंद वा अधिक काळ थांबतो आणि रात्रभर असे वारंवार घडते. क्वचित कवटीचा तळ आत दबून मेंदूच्या श्वसनकेंद्रावर दाब आल्यानेही श्वास खंडित होतो.

मोठ्याने घोरणे, सकाळी डोके दुखणे, दिवसा पेंग येणे ही याची लक्षणे होत. ‘हाडांच्या दुखण्याने झोप होत नाही’ अशा समजुतीने ती दुर्लक्षिली जातात. परंतु पेंगेमुळे तोल जातो आणि पडल्यास नवा अस्थिभंग होतो. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून झोपेच्या गोळ्या घेणे तर अधिकच घातक.

रात्रीच्या निद्रातपासणीने निदान होते. श्वासमार्ग अडत असल्यास मुखवट्यातून दाबयुक्त हवा पुरवणारे ‘सीपॅप’ यंत्र उपयोगी पडते. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन व सहकाऱ्यांनी या उपचाराची माहिती प्रथम प्रसिद्ध केली. गावात असा रुग्ण असल्यास शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी त्याच्या घरच्यांना एवढेच विचारावे : रात्री याचा श्वास मध्येच थांबतो काय?