बाष्पकाला कोणते पोलाद मानवते?

गंजाचा प्रश्न निघाला की 'न गंजणारे पोलाद वापरावे, म्हणजे झाले' असे सामान्य माणसास वाटते. स्टेनलेसची भांडी वर्षानुवर्षे लखलखीत राहतात. मग तेच पोलाद बाष्पकाला, म्हणजे बॉयलरला, का लावू नये? प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर अनपेक्षित आहे. बाष्पकात जेथे पाणी उकळते तेथील नळ्या आणि ड्रम बहुधा साध्या कर्बयुक्त पोलादाचेच असतात. आणि ते केवळ स्वस्त म्हणून नव्हे.

स्टेनलेसच्या नेहमीच्या जातीत शेकडा १८ क्रोमियम व ८ निकल असते. क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अदृश्य पापुद्रा धरतो आणि तोच धातूला राखतो. परंतु उष्णता, धातूवरील ताण आणि पाण्यातील क्लोराइड ही तिन्ही एकत्र आली की या पोलादाला केसासारख्या बारीक चिरा पडतात. नळीची जाडी घटत नाही, ती वरून धडधाकट दिसते, आणि एके दिवशी अकस्मात फुटते. बाष्पकात वाफ निघून जाते व क्षार मागे उरतात; म्हणून हा धोका तेथे विशेष.

साध्या पोलादाची रीत वेगळी. तापलेले, प्राणवायू काढून टाकलेले व किंचित अल्कधर्मी पाणी मिळाले, तर त्याच्यावर मॅग्नेटाइटचा काळा, घट्ट थर चढतो. तेच त्याचे चिलखत. पाण्यात प्राणवायू शिरला की मात्र चिलखताला भोके पडून धातूत खड्डे होतात. अर्थात पोलाद निवडताना पाण्याचीही निवड करावी लागते.

जागा बदलली की शत्रू बदलतो. सुपरहीटरमध्ये कोरडी वाफ अतिशय तापते. तेथे साधे पोलाद दुबळे पडते आणि क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद योजावे लागते. अधिक उष्णतेला स्टेनलेसही चालते, कारण तेथे पाणी साचत नाही. धूर बाहेर पडण्याच्या थंड टोकाला इंधनातील गंधकापासून झालेले गंधकाम्ल दवासारखे जमते; तेथे थोडे तांबे घातलेले पोलाद अधिक टिकते, आणि धूर फार थंड होऊ न देणे त्याहून हिताचे.

निवडीला देखरेखीची जोड नसेल तर काय होते, हे जपानमधील मिहामा अणुवीजकेंद्रात ९ ऑगस्ट २००४ रोजी दिसले. तेथे बाष्पजनित्राकडे परत जाणाऱ्या सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याची साध्या पोलादाची नळी फुटली आणि ५ कामगार प्राणास मुकले. प्रवाह मोजण्यासाठी बसविलेल्या चकतीच्या पुढे पाणी घुसळत होते. त्या घुसळणीने मॅग्नेटाइटचा थर सतत विरघळत राहिला, आणि १० मिलिमीटरची भिंत सुमारे दीड मिलिमीटरवर आली. १९७६ मध्ये तेथील संबंधित अणुभट्टी सुरू झाल्यापासून त्या जागेची जाडी एकदाही मोजली गेली नव्हती. अशा जागी शेकडा एक-सव्वा क्रोमियम असलेले पोलाद ही झीज पुष्कळच रोखते.

बेळगाव जिल्ह्यातील साखर कारखान्यांनाही यातून घेण्यासारखे आहे. गळीत हंगाम संपला की तेथील बाष्पक कित्येक महिने विसावतात. आत ओल आणि हवा दोन्ही राहिली, तर चालत्या बाष्पकापेक्षा थांबलेलाच अधिक गंजतो. म्हणून तो एकतर पूर्ण कोरडा करून ओल शोषणारे द्रव्य आत ठेवून बंद करावा, नाहीतर प्राणवायुरहित अल्कधर्मी पाण्याने काठोकाठ भरून ठेवावा. अर्धवट रिकामा ठेवणे सर्वांत वाईट.

सारांश, सर्व जागी उत्तम असे एकच पोलाद नाही. प्रत्येक भागाचा शत्रू ओळखून धातू योजावा, पाणी शुद्ध राखावे आणि नळ्यांची जाडी वेळच्या वेळी मोजावी. यांपैकी एक जरी चुकले, तरी त्याची किंमत बाष्पकाजवळ उभ्या असलेल्या कामगाराला मोजावी लागते.