पाहिले मराठीत, लिहायचे कोणत्या भाषेत?

सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की मोर्चे, ठराव, फलक आणि न्यायालय यांचीच आठवण आधी होते. ते स्वाभाविकही आहे. १ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६६ साली नेमलेला महाजन आयोग, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, या तारखा आपल्या गावागावांत चव्हाट्यावर बसणाऱ्यांनाही पाठ आहेत. पण या प्रश्नाचा एक लहानसा तुकडा दरवर्षी आपल्याच मराठी शाळांत मागच्या बाकावर वही घेऊन बसतो आणि त्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. तो तुकडा म्हणजे बी.एड. शिकणारा छात्राध्यापक आणि त्याला महाविद्यालयासाठी लिहावा लागणारा निरीक्षण निबंध.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि त्यात किमान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढणे आवश्यक ठरवले. तेव्हापासून आपल्या शाळांत येणाऱ्या छात्राध्यापकांचा मुक्काम वाढला. ते पाठ घेतात, तसेच इतरांचे पाठ पाहतात आणि पाहिलेले लिहून देतात. येणाऱ्यांत आपल्याच खेड्यांतली, मराठी शाळेत शिकलेली मुलेमुली असतात. निबंध मात्र बहुधा इंग्रजीत, काही ठिकाणी कन्नडमध्ये द्यावा लागतो. आमच्या समितीतील आम्ही शिक्षक मंडळी या मुलांच्या वह्या अनेक वर्षे पाहत आलो आहोत. त्यांना कोठे अडते, हे म्हणूनच लिहावेसे वाटले.

पहिली अडचण भाषेच्याही आधीची आहे. पाहणे आणि मत देणे यांतला फरक त्यांना कोणी नीट सांगितलेला नसतो. 'वर्गनियंत्रण चांगले होते', 'फलकलेखन सुबक होते', 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम होता' अशी वाक्ये वहीत ओळीने येतात. ही वाक्ये वर्गात पाऊल न ठेवता घरी बसूनही लिहिता येतील. नियंत्रण चांगले होते म्हणजे काय झाले? बाईंनी आवाज चढवला की खडू खाली ठेवून त्या गप्प उभ्या राहिल्या? प्रतिसाद उत्तम म्हणजे चाळीसपैकी किती मुले बोलली? पुढच्या दोन बाकांवरची तीच पाच मुले असतील, तर उरलेली पस्तीस काय करत होती? निरीक्षण म्हणजे या प्रश्नांची उत्तरे. मत त्यानंतर.

दुसरी अडचण आपल्या भागाची खास आहे. सातवीच्या विज्ञानाचा असा एक तास डोळ्यांसमोर आणा. वनस्पतींचे पुनरुत्पादन हा धडा चालला आहे. बाई विचारतात, "आपल्या शिवारातल्या कुठल्या पिकाला फूल येत नाही?" एक मुलगा हात वर करून सांगतो, "भाताला, बाई." लगेच मागच्या बाकावरची मुलगी उठते. "येतंय की! भात निसवलं म्हणजे फूलच की ते." बाई क्षणभर थांबतात, मग तिला फळ्याजवळ बोलावून निसवलेल्या भाताची लोंबी काढायला सांगतात.

या पाच मिनिटांत अध्यापनशास्त्राचे सारे सार आले आहे. मुलाचा चुकीचा समज, शेतावरच्या अनुभवातून दुसऱ्या मुलीने केलेली दुरुस्ती आणि ती संधी ओळखून बाईंनी पाठाची बदललेली दिशा, या तिन्ही गोष्टी पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घडल्या. त्याला 'निसवणे' म्हणजे काय हे ठाऊक आहे, त्याच्याही घरी भात आहे. पण रात्री इंग्रजीत लिहायला बसल्यावर हा शब्द त्याला कोठे सापडत नाही. मग तो लिहितो, 'द स्टुडंट्स पार्टिसिपेटेड ॲक्टिव्हली'. वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, त्याला गुणही मिळतात. परंतु ती मुलगी, ती लोंबी आणि बाईंचे ते थांबणे या सगळ्यांचा त्यात मागमूसही उरत नाही. वाचणाऱ्या प्राध्यापकांना वाटते, पोराने काही पाहिलेच नाही. खरे म्हणजे त्याने सगळे पाहिलेले असते.

तिसरी अडचण शांततेची. बी.एड.च्या अभ्यासात फ्लँडर्स या अमेरिकी अभ्यासकाची वर्ग निरीक्षणाची पद्धत शिकवतात. दर तीन सेकंदांनी वर्गात काय चालले आहे ते दहा प्रकारांपैकी एका आकड्याने नोंदवायचे. त्यातले सात प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि दहावा शांतता किंवा गोंधळाचा. पद्धत उपयोगी आहे, शिक्षकच तासभर बोलत राहतो हे त्यातून चटकन कळते. पण आपल्या वर्गातली शांतता एका आकड्यात मावत नाही. कन्नड किंवा इंग्रजीच्या तासाला मूल गप्प असते ते कधी विचार करत असते म्हणून, कधी प्रश्नच कळला नाही म्हणून, तर कधी उत्तर येते पण त्या भाषेतला शब्द येत नाही म्हणून. तिन्ही वेळा वहीत १० हाच आकडा पडतो. तासाला फक्त आकडा टाकून ठेवणाऱ्याने नंतर मुलाजवळ बसून मराठीत दोन शब्द विचारले, तरच त्या शांततेचा अर्थ निबंधात येईल.

चौथी अडचण भिडेची. ज्या बाईंच्या वर्गात बसायचे त्या आपल्या आत्याच्या मैत्रीण असतात, मुख्याध्यापक वडिलांच्या ओळखीचे असतात. त्यांच्या पाठातील उणीव लिहायची कशी? म्हणून सगळे 'छान होते' असे लिहून पोर मोकळे होते. यावर उपाय एकच. माणसाविषयी लिहू नये, घडलेल्या गोष्टीविषयी लिहावे. 'बाईंनी मुलांना बोलू दिले नाही' असे लिहिण्यापेक्षा 'प्रश्न विचारल्यावर दोन सेकंदांत बाईंनी स्वतःच उत्तर सांगितले, असे तासात सहा वेळा घडले' असे लिहिले तर कोणाचा अपमान होत नाही, आणि सांगायचे ते राहतही नाही.

निरीक्षणाचे मोल काय असते, ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामावरून कळते. कोसबाडच्या परिसरातील आदिवासी मुले शाळेत का येत नाहीत, हे त्यांनी त्या मुलांमध्ये राहून पाहिले. मुले गुरांमागे रानात जातात हे दिसले, तेव्हा शाळाच कुरणात नेली आणि कुरणशाळा उभी राहिली. मुले आळशी आहेत असे मत लिहून त्या थांबल्या असत्या तर ती शाळा झालीच नसती. ताराबाईंचे भावनगरातील सहकारी गिजुभाई बधेका यांनीही आपल्या वर्गातील प्रयोगांचे सार 'दिवास्वप्न' या पुस्तकात मांडले. १९३२ साली आलेले हे पुस्तक त्यांनी आपल्या गुजरातीत लिहिले. पुढे ते अनेक भाषांत गेले.

म्हणून छात्राध्यापकांना आमचे सांगणे असे की, वर्गात बसताना वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडे जे दिसले आणि ऐकू आले तेवढेच, वेळेसकट आणि मुलांच्याच शब्दांत, मराठीत लिहा. उजवीकडे तुम्हाला काय वाटले ते लिहा. संपूर्ण तास टिपण्याच्या मागे न लागता एकच प्रश्न धरून बसा. मागच्या बाकावरचे कोण बोलते, एवढा प्रश्नही पुरेसा आहे. त्याच संध्याकाळी टिपण वाचून काढा, कारण चार दिवसांनी उजवीकडचे मतच तेवढे आठवते. इंग्रजी किंवा कन्नड निबंध या टिपणावरून लिहा, आणि 'निसवणे' यासारखा शब्द आला तर तो तसाच ठेवून पुढे एका ओळीत त्याचा अर्थ द्या. शब्द गाळला तर प्रसंगही गळतो.

महाविद्यालयांकडेही एक मागणे आहे. मूळ मराठी टिपणवही निबंधासोबत जोडण्याची मुभा द्यावी आणि तिलाही काही गुण ठेवावेत. यात कोणत्याही भाषेचा अवमान नाही. राज्यभाषा आपल्या मुलांनी चांगली शिकलीच पाहिजे. परंतु प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी असे सांगणारे कलम ३५० अ १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनेच संविधानात आले. मुलांनी मातृभाषेत शिकावे असे संविधान म्हणते, तर त्या शिकण्याची नोंद मातृभाषेत करायला हरकत कसली?

गावकऱ्यांना यात काय, असे कोणी विचारील. आपल्या मराठी शाळेविषयी कचेरीत पोचते ती पटसंख्या. वर्गात काय घडते, मूल कसे शिकते, कोठे अडखळते, याचा लेखी पुरावा बहुतेक शाळांकडे नसतो. पट कमी झाला की शाळेच्या बाजूने बोलायला कागद सापडत नाही. छात्राध्यापकांच्या या वह्या नीट लिहिल्या गेल्या आणि एकेक प्रत शाळेत राहिली, तर दहा वर्षांत प्रत्येक गावाच्या शाळेचा खरा इतिहास तयार होईल. शिवाय आज मागच्या बाकावर बसलेली हीच मुलेमुली उद्या आपल्या नातवंडांना शिकवणार आहेत.

तेव्हा यंदा छात्राध्यापक गावात आले की शाळा सुधारणा समितीने त्यांना चहापुरते बोलावून भागवू नये. कोणाच्या वर्गात बसलात, काय पाहिलेत, हे विचारावे आणि जाताना टिपणाची एक प्रत शाळेच्या कपाटात ठेवून घ्यावी.